आत ओढलेलं नाव

आता सांगा, ज्याचं नावच कुणाला घेता येत नाही, त्याला निरोप द्यायचा तरी कसा?

या कोड्याने शाल्मलीला पार रडकुंडीला आणलं होतं. दूरच्या ग्रहावरून आलेला पाहुणा आजोबांच्या प्रयोगशाळेत खाटेवर पडून होता. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण (आपल्याला खाली ओढून धरणारं बळ) त्याच्या नाजूक हृदयाला पेलवत नव्हतं. तो आता जगणार नाही, हे आजोबांनी तिला सरळच सांगितलं होतं.

आपल्या ग्रहावरची रीत पाहुण्याने चित्रं काढून समजावली होती. जाणाऱ्याचं नाव मागे राहणाऱ्याने मोठ्याने घ्यायचं, मग तो सुखाने जातो. बिचाऱ्याचं मागणं ते केवढंसं! पण नाव सांगायला त्याने तोंड उघडलं, की ऐकू यायची नुसती धाप.

"फक्त श्वासाचा आवाज. पुसून टाकला," आवाज टिपून साफ करणारा आजोबांचा यंत्रमानव गुंड्या दर वेळी म्हणायचा.

दुपारी आजोबांनी शाल्मलीला बळेच खाटेशेजारी जेवायला बसवलं. भाकरीबरोबर ठेचा होता. पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "स्स्स्! स्स्स्!"

पाहुण्याने डोळे उघडले आणि मान तिच्याकडे वळवली.

शाल्मलीचा हात ताटातच थांबला. "आजोबा, बोलताना आपली हवा बाहेर जाते. तिखट लागल्यावर मात्र मी ती आत ओढली!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अगं, खरंच की! हवा बाहेर पडताना स्वरतंतू (घशातल्या दोन नाजूक घड्या) थरथरतात, तो आपला आवाज. पण हवा आत घेतानाही ते थरथरू शकतात. हा धापा टाकत नव्हता गं, बोलत होता! आणि श्वास म्हणजे कचरा, असं गुंड्याला मीच शिकवलंय."

शाल्मलीने पाहुण्याच्या तोंडाशी कान नेऊन नाव नीट ऐकलं. मग श्वास आत ओढत आवाज काढायला गेली, तर ठसकाच लागला. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. पाहुण्याचे डोळे मिटत चालले होते. तिने डोळे पुसले, सावकाश श्वास ओढला आणि नाव घेतलं. स्पष्ट, अख्खं.

त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने तो हात गार झाला. शाल्मली हमसून हमसून रडली.

संध्याकाळी आजोबांनी तिच्या आवाजातलं ते नाव रेडिओलहरींवरून त्याच्या ग्रहाकडे पाठवलं. पोचायला वर्षं लागतील, उत्तर यायला आणखी तितकीच.

"गुंड्या," रडून बसलेल्या आवाजात शाल्मलीने बजावलं, "त्याच्या घरून उत्तर येईल. खबरदार, श्वास पुसलास तर!"