मदरबोर्डवरचं कुंकू

“आधी ते पुस्तक उचल आणि माळ्यावर टाक!” स्वप्नील इतक्या मोठ्याने ओरडला की भोईवाड्यातल्या त्या जुन्या इमारतीच्या गॅलरीत भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या रुपालीच्या काळजात चर्र झालं... दसरा होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, दारावरचं तोरण अजून सुकलंही नव्हतं, आणि घराला पोसणारा कॉम्प्युटर मुका होऊन बसला होता. बटण दाबा, प्लग बदला, देवाचं नाव घ्या... ढिम्म!

स्वप्नील लग्नाचे व्हिडिओ बनवायचा. डोंबिवलीच्या एका पार्टीचा व्हिडिओ त्या कॉम्प्युटरवर अर्धामुर्धा होऊन पडला होता आणि वधूचा बाप सकाळपासून फोनवर फोन करत होता. त्यात स्वारी मुळातच तापट. नाकावर राग, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

“तूच उघडला होतास ना तो? प्रॅक्टिस करायला?”

“उघडला होता. धूळ काढली आणि बंद केला. पण अहो, त्यानंतर तो नीट चालत होता की! आणि व्हिडिओ कुठे जात नाही, हार्ड डिस्क वेगळी असते...”

“मला शिकवू नकोस! स्वतःच्या घरातला कॉम्प्युटर जिने मारला ती लोकांचे काय दुरुस्त करणार? बस झाली तुझी परीक्षा! शनिवारी माटुंग्याला वगैरे कुठे जायचं नाही, समजलं?”

पलंगावर बसलेल्या सासूबाईंनी, शेवंतीबाईंनी, जपाची माळ बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “कशाला गो बाय खोलूक गेलंस? चालता-बोलता यंत्र...” 

हा घाव मात्र रुपालीला सोसेना. तिने पदर तोंडाशी नेला आणि कुकर लावायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

काय मागितलं होतं हो तिने आयुष्याकडे? लग्नाआधी दादरच्या एका दुकानात ती बिलं बनवायची. सासरे जयवंतराव अंथरुणाला खिळले तेव्हा ती नोकरी तिनेच सोडली, कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांचं सगळं केलं, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. आणि आता, चाळिशीला टेकल्यावर, तिच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली होती. परळच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात जागा होती. “टेक्निशियनची पहिली परीक्षा पास होऊन या, जागा तुमची,” असं तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, पण या महिन्याच्या आत! मग काय विचारता! एका हाताने चपात्या आणि दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं. रॅम कशी बसवायची, प्रिंटर कागद का गिळतो, नेटवर्कच्या तारांचे रंग कुठल्या क्रमाने लावायचे, व्हायरस शिरला तर आधी काय तोडायचं... हे सगळं ती पोथी म्हणावी तसं पुटपुटत असे, आणि शेवंतीबाई कौतुकाने ऐकत बसत.

स्वप्नील चपला आपटत निघून गेला, शेवंतीबाई देवळात गेल्या. तेव्हा रुपालीने प्लग काढला, कॅबिनेट आडवं केलं, अंगातली वीज नाजूक भागांना लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधला, आणि झाकण उघडलं.

मदरबोर्डवर, वरच्या जाळीच्या बरोबर खाली, चिकट पांढुरका डाग सुकून बसला होता. त्याच्या कडेला लाल कणी...

रुपाली आणखी वाकली. कुंकू!

क्षणात तिला सगळं उमगलं. खंडेनवमीला ती आणि स्वप्नील दोघंही बाहेर असताना सासूबाईंनी घरातल्या अवजारांची पूजा केली होती. विळी, शिवणयंत्र, स्वप्नीलचा कॅमेऱ्याचा तिपाया, आणि सगळ्यात मानाचा तो कॉम्प्युटर. जयवंतराव गिरणीत माग चालवायचे. खंडेनवमीला ते आपल्या मागाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि त्याच नारळाचं पाणी मागावर शिंपडायचे. गिरणी गेली, माग भंगारात गेला, जयवंतराव गेले... शेवंतीबाईंनी मात्र तो रिवाज सोडला नव्हता. ज्या कपाळाला आता कुंकू लागत नव्हतं त्या कपाळाची बाई वर्षातून एकदा घरातल्या लोखंडाला कुंकू लावून घ्यायची! लोखंडी मागाला नारळपाण्याने काय होणार? पण इथे ते पाणी जाळीतून थेट आत उतरलं होतं, आणि सावकाश आपलं काम करून बसलं होतं.

आता सांगायचं ना? तोंड उघडायचं आणि मोकळं व्हायचं! तुम्ही-आम्ही असतो तर त्याच क्षणी फोन लावला असता. पण रुपालीला गणपतीतली गोष्ट आठवली. स्वप्नीलच्या शर्टाच्या खिशात कॅमेऱ्याचं कार्ड राहिलं होतं आणि आईने तो शर्ट धुवायला टाकला. “तुला काही कळत नाही तर कशाला हात लावतेस?” एवढंच तो ओरडला, पण त्यानंतर कित्येक दिवस ती म्हातारी माठातलं पाणी घेतानाही विचारायची, “घेऊ काय रे?” स्वतःच्या घरात! आणि आता जर तिला कळलं की नवऱ्याच्या नावाने जपलेला एकुलता एक रिवाजच अंगावर आला... नाही, नाही! त्या जीवाला ते पेलवणार नाही. रुपालीने डोळे पुसले. आपली परीक्षा गेली तर गेली. बाई कुठे मरत नाही त्याने!

खरंच नाही मरत? काय सांगावं!

शनिवार उजाडला. स्वप्नील करीरोडला मित्राकडे कॉम्प्युटर उसना मिळतो का बघायला गेला होता. दुपारी परीक्षा होती आणि रुपाली जमिनीवर मांडी घालून, लॅमिंग्टन रोडहून आणलेल्या स्पिरिटात मऊ ब्रश बुडवून बोर्डावरचा डाग घासत होती. तिचं चित्त मात्र माटुंग्याला होतं. शेवंतीबाई गुडघ्यावर हात ठेवत तिच्याजवळ येऊन बसल्या.

“जाऊचा नाय मां आज?”

“नाही, आई. पुढे बघू कधीतरी.”

तिने कापसाने बोर्ड टिपला. कापूस गुलाबी झाला. तिने तो पटकन मुठीत घेतला, पण म्हातारीची नजर!

“ह्या लाल काय गो?”

“धूळ आहे, आई.”

“धूळ? दाखव.” शेवंतीबाईंनी तिची मूठ सोडवली. कापूस नाकाशी नेला, बोटांत चुरला. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. “अर्धा जन्म कपाळाक लावलंय मी ह्या... माका कुंकू ओळखूचा नाय? रूपा, माझ्या हातान झाला मां ह्या? त्या नारळाच्या पाण्यान?”

रुपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आणि तू गप रवलंस! माझ्यासाठी शिव्या खाल्लंस! आणि मी... मी पण तुकाच बोललंय!” म्हातारीने सुनेला पोटाशी धरलं आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडू लागली. मग एकाएकी तिने पदराने तोंड पुसलं आणि फोन हातात घेतला. “स्वप्नील, आत्ताच्या आत्ता घराक ये. होय, आत्ताच!”

तो धापा टाकत आला. दारात त्याची आई ताठ उभी होती.

“कॉम्प्युटर मी बिघडवला. तुझ्या बापाच्या रिवाजान नारळाचा पाणी घातलंय वरून. आता काय वरडूचा ता माझ्यावर वरड. तिच्यावर वरडताना आवाज मोठो होतो मां तुझो? होऊ दे!”

स्वप्नील आधी आईकडे, मग जमिनीवर मांडलेल्या त्या भागांकडे, मग बायकोकडे बघत राहिला.

“तू... तू मला सांगितलं का नाहीस, रुपाली?”

रुपालीने पहिल्यांदाच त्याच्या नजरेला नजर दिली. “तुम्ही विचारलंत कुठे? आमच्या पुस्तकात पहिला धडा आहे, अहो. बिघाड कुणाचाही असो, आधी माणसाला शांतपणे विचारायचं, काय झालं होतं? त्याला गुन्हेगार करायचं नाही, नाहीतर तो घाबरून लपवतो. आई इतकी वर्षं घाबरतायत. मीही.”

स्वप्नीलची मान खाली गेली. मग तो आईच्या पायाशी बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडला... बाप गेला त्या दिवशीसुद्धा हा गडी रडला नव्हता!

“पुरे, पुरे,” शेवंतीबाई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, “रडणा मागसून. पोरीची परीक्षा आसा!”

“आई, वेळ होत आली...” रुपाली म्हणाली.

“मी सोडतो तुला,” स्वप्नील धडपडत उठला.

“नको, तुम्ही इथेच थांबा. पंखा लावू नका, उन्हात ठेवू नका, नुसतं वाळू दे. आणि कशाला हात लावू नका.” हे आपण नवऱ्याला बजावतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. तो मात्र मुकाट्याने मान डोलावत होता.

टॅक्सीत शेवंतीबाई हट्टाने सोबत बसल्या. माटुंग्याच्या त्या केंद्राच्या दारात वॉचमन म्हणाला, “आजी, आत नाही जाता येणार.” तेव्हा त्या पायरीवरच बसल्या आणि देवाचं नाव घेऊ लागल्या. आत रुपालीसमोर प्रश्नामागून प्रश्न येत होते. एका प्रश्नात कुणाचा तरी कॉम्प्युटर चालूच होत नव्हता, आणि पर्यायांवरून नजर फिरवताना तिला स्वतःच्या घरच्या जमिनीवर मांडलेले ते भाग दिसत होते. शेवटचं बटण दाबून तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा निकाल समोर होता.

ती बाहेर आली. शेवंतीबाईंनी तिच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारताच तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. वॉचमनला त्या दोनदा म्हणाल्या, “माझी सून हा ती!”

रुपालीने घरी फोन लावला. तिला वाटलं होतं, तो आधी निकाल विचारेल, किंवा डोंबिवलीच्या पार्टीची कटकट सांगेल.

“रुपाली, सगळं वाळलंय बहुतेक,” स्वप्नील म्हणाला. “पण मी हात लावला नाहीये. पार्टीला सांगितलंय, आमच्या घरातली टेक्निशियन परीक्षेला गेलीय, ती आली की मगच कळेल. पास-नापास जे असेल ते असू दे. तू ये, जोडणी तूच कर... बटण तूच दाब.”

“काय म्हणता गो तो?” शेवंतीबाईंनी काळजीने विचारलं.

भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत, रुपालीने सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“घरी बोलावलंय, आई,” ती म्हणाली.