शर्टांची रोझरी

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. जे घडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ऐकणारी दुसरी फक्त माझी आई होती. ती गेल्या महिन्यात गेली, म्हणून आज सांगतेय.

रविवारची दुपार होती. मी तेव्हा चौथीत होते. आई कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला होती. दुसऱ्या दिवशी सेल सुरू होणार, म्हणून सुट्टी असूनही तिला बोलावलं होतं. सकाळची चर्चमधली मिस्सा, मग घरचा स्वयंपाक आणि मग दुकान. बाबा माझ्या धाकट्या भावाजवळ थांबले आणि आईने मला सोबत घेतलं.

धाकटा तीन वर्षांचा झाला होता, पण एक शब्द बोलत नव्हता.

बाबा त्याला ‘साहेब’ म्हणायचे. म्हणायचे, साहेब तोंड उघडत नाहीत, बोटानेच हुकूम सोडतात. सगळे हसायचे. आई हसायची नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कान ठीक, जीभ ठीक. तरी शब्द नाही. ती आतून झुरत होती.

दुकानामागच्या गोदामात लोखंडी रॅक होते. त्यांच्यामागे न उघडलेली खोकी. आई टेबलापाशी उभी राहून शर्टांच्या घड्या घालत होती. हात गुंतलेले, मग रोझरीची माळ कुठून धरणार? तिने तिची युक्ती काढली होती. एक शर्ट म्हणजे माळेचा एक मणी, एक ‘नमो मरिया’ची प्रार्थना. दहा शर्टांचा गठ्ठा झाला की एक दशक पूर्ण.

घरी म्हणतो तसंच. अर्धी प्रार्थना आई म्हणणार, उरलेली अर्धी मी.

थोड्या वेळाने मला तहान लागली. मी बाटली घेऊन हळूच बाहेर सटकले. आईची पाठ माझ्याकडे होती, तिला कळलंच नाही.

पाणी भरून परत आले, तर गोदामातून आईचा आवाज येत होता. तिची अर्धी प्रार्थना संपली.

आणि...

उरलेली अर्धी कुणीतरी म्हटली.

म्हाताऱ्या बाईचा आवाज. घोगरा. घाईघाईत म्हणत शेवटचं ‘आमेन’ गिळून टाकणारा.

मला वाटलं, आईसोबत काम करणारी कुणी बाई आली असेल. मी दारात जाऊन पाहिलं. आत आई एकटीच. तिने नवा शर्ट ओढला, म्हणायला लागली. तिला वाटत होतं, मीच उत्तर देतेय.

तिची अर्धी संपली, तसं मी म्हटलं, “आई, मी इथे आहे.”

ती वळली. मला पाहिलं. माझ्या हातातली बाटली पाहिली.

तेवढ्यात रॅकच्या मागून... उत्तर आलं. अगदी ‘आमेन’पर्यंत.

मला वाटलं, आता आई माझा हात धरून पळणार. पण तिने अर्धवट घडीचा शर्ट पूर्ण केला. रोझरी मध्येच सोडायची नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. दशक पूर्ण झालं, तशी ती रॅककडे पाहून बोलली.

“तुझ्यासाठी प्रार्थना करणारं कुणी नसेल, तर मी करीन. रोज करीन, एक दिवस चुकवणार नाही. तू माझ्या लेकरासाठी माग. त्याला बोलू दे.”

मग तिने पुढचा शर्ट ओढला.

घरी जाताना आईने बजावलं, बाबांना यातलं काही सांगायचं नाही.

संध्याकाळी आम्ही रोझरीला बसलो. धाकटा बाबांच्या मांडीवर. आईने सुरुवात केली. मी आणि बाबा उत्तर देणार, इतक्यात...

धाकट्याने तोंड उघडलं.

पूर्ण प्रार्थना म्हणाला. एक शब्द चुकला नाही. बाबांनी त्याला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले. म्हणाले, पोराला वाचा फुटली, किती गोड बोलतोय बघ.

बाबांना गोड वाटलं. मला मात्र त्या इवल्याशा तोंडातून म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज ऐकू येत होता.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. “आई, तो आवाज त्याचा नाही.”

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “माहितीये मला. पण बोलतोय ना?”

दुसऱ्या दिवशी तो ‘पाणी’ म्हणाला. स्वतःच्या आवाजात. मग मागे वळून पाहिलं नाही, दिवसभर टकळी चालू. घोगरा आवाज फक्त रोझरीच्या वेळी यायचा. आईने एक संध्याकाळ चुकवली नाही. ताप असो, पाहुणे असोत.

चुकली ती फक्त माझ्या लग्नाच्या दिवशी, गडबडीत. दुसऱ्या सकाळी मी माहेरी आले, तेव्हा धाकटा काहीतरी सांगायला माझ्यासमोर आला. एवढा उंच झालेला पोरगा. ओठ हलत होते... आवाजच नव्हता. आईने त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा बोलत होता. आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

आता आई नाही. तिला मातीत ठेवून आलो, त्या संध्याकाळी धाकट्याचा मला फोन आला. तेव्हापासून रोज येतो. मी अर्धी म्हणते, तो उरलेली म्हणतो. नवरा शेजारी बसून ऐकतो आणि म्हणतो, तुझ्या भावाचा आवाज किती स्वच्छ आहे. मी मान डोलावते. मला ती बाईच ऐकू येते.

कधीकधी वाटतं, एक दिवस फोन उचलूच नये. पण त्याला आता लहान लेक आहे. बापाने गोष्ट सांगितल्याशिवाय ती झोपत नाही.

परवा धीर करून विचारलं, “तुझ्या तोंडून कोण बोलतं, तुला माहितीये का रे?”



पलीकडून उत्तर आलं. “तू फक्त सुरुवात कर.”

हे तो म्हणाला की ती, मला सांगता येणार नाही.

मी सुरुवात केली.