परातीतलं शहर

एन्कार्नाला बाबांना समुद्रकाठचं कादिस शहर दाखवायचं होतं आणि बाबांना पाहायची होती फक्त मासळी. ऑगस्टच्या सुट्टीत बापलेक उत्तर स्पेनमधल्या बुर्गोसहून आदल्याच दिवशी इथे उतरले होते. संध्याकाळी सहाला शहरातल्या जुन्या मनोऱ्याच्या पावणेदोनशे पायऱ्यांचं नाव ऐकताच बाबांनी समोरच्या बाकावर बूड टेकलं.

"तुम्ही जाऊन या, बाई," ते म्हणाले.

दहा महिने झाले, पोटच्या पोरीला ते अशी परक्यासारखी हाक मारत. डोक्यातलं एकेक दार बंद होत चाललं होतं. एन्कार्नाचा पाय निघेना. तळलेल्या मासळीचा कागदी शंकू त्यांच्या हाती देऊन तिने बजावलं, "इथून हलायचं नाही."

वर अंधारी गोल खोली होती. मधोमध परातीसारखं पांढरं, खोलगट ताट. छतावरच्या आरशातून खालचं शहर त्यात उतरलं होतं, जिवंत. गच्च्यांवर कपडे हलत होते, समुद्रपक्षी घिरट्या घालत होते, आवाज मात्र कशालाच नव्हता. गाईड मुलगी दोरीने आरसा फिरवायची आणि पाहुण्यांना कागदाचा कपटा द्यायची. कपटा ताटावर धरला की चालता माणूस त्यावर यायचा, उचलला की माणूसही वर.

"ते माझे बाबा," एन्कार्ना म्हणाली. मुंगीएवढे बाबा मासळी खात होते.

"मग उचला की. वजन काही लागायचं नाही." लोक हसले.

तिने उचललं. कागदावरच्या बाबांनी मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. तिने घाईने कपटा खाली केला. ते बाकावरून उठले आणि समुद्राकडच्या बोळात शिरले. बाक रिकामा.

"अहो, आरसा तिकडे फिरवा."

गाईडने फिरवला. बोळात कुणीच नव्हतं.

एन्कार्ना दाराकडे धावली. पायऱ्या कशा उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

बाबा बाकावर होते.

"कुठे गेला होतात?"

"मी कुठे जाणार? एन्कार्ना, किती धापा टाकतेस. बस जरा."

नाव ऐकून तिला भरून आलं. मग लक्ष गेलं शंकूकडे. तो काठोकाठ भरलेला होता आणि मासळी अजून गरम होती. वर तर ते खाताना दिसले होते. की दुसऱ्याच कुणाला पाहिलं आपण?

"माझ्या शाळेतल्या बाईंचं नाव काय होतं, बाबा?"

"उर्सुला. भूगोलात दोनदा उडवलं तुला. आता माझी परीक्षा घेतेस होय?"

ती हसली, डोळे पुसले. तिला कशाचाच मेळ लागेना.

फोन वाजला. लॉजची मालकीण होती.

"अहो, तुमचे बाबा एकटेच आलेत इथे. खिशात आमचा पत्ता होता म्हणून बरं. सारखे विचारतायत, ती बाई कुठे गेली. तुम्ही आहात कुठे?"

मालकिणीच्या मागे कुणीतरी म्हातारं माणूस हुंदके देत होतं. ते हुंदके एन्कार्नाच्या ओळखीचे होते.

"कोण गं, एन्कार्ना?" शेजारून बाबांनी विचारलं आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. लहानपणी सारायचे तसेच.

तिने दोघांचंही ऐकलं.

"चुकीचा नंबर," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. पण फोन तिने बंद केला होता.