तळपायाचा तीळ

"नंबर लागेल तेव्हा लागेल. माझ्याकडंच काहून पाहून राहिले जी?"

भंडाऱ्यातल्या चामडीच्या दवाखान्यात, समोरच्या बाकावर बसलेला सावळा पोरगा दचकला.

"नाही… तुमी मोहाडीच्या ना?"

हर्षाच्या कपाळावर आठी पडली. हे तर तिनं इथं कोणालाच सांगितलं नव्हतं!

रविवारी वरठीचे पाहुणे, अंकुश नावाच्या मुलासाठी, तिला पाहायला येणार होते. आपल्याकडे मुलीचा फोटो चार घरं फिरतो. मुलाचा मागितला, की 'एवढा कायचा संशय?' म्हणतात. मानेवरचा काळा तीळ साखळीला घासून वाढला होता, रक्त यायचं, म्हणून ती आज तो काढायला आली होती — ओढणी नाकापर्यंत ओढून. पोरगी चामडीच्या दवाखान्यात दिसली, की गावात आधी कोडाचीच बातमी होते.

"तुमाले काय झालं?" तिनं उलटतपासणी सुरू केली.

"तीळ हाय. तळपायाले."

"तो कोनाले दिसते?"

"आई म्हनते, असा मानूस भाग्यवान रायते…"

"मंग भाग्य तपासाले आले का डॉक्टरकडं?"

तो तोंडावर हात धरून हसला, नव्या नवरीसारखा. हर्षाला ते आवडलं — आणि म्हणूनच संशय जास्त वाढला.

तेवढ्यात तिला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, "साधाच आहे," म्हणाल्या, आणि जागा बधिर करून तीळ काढला. मानेला पट्टी लावून ती बाहेर आली, तर तो उभाच.

"काय म्हनलं? कोड-बीड नाही ना?"

"कोड?" हर्षा थांबली. "मी तर तीळ म्हनूनही सांगतलं नाही तुमाले. कोडाचं कोन घातलं कानात?… तुमी वरठीचे अंकुश!"

तो खाली पाहू लागला. "इथला कंपाउंडर आमच्या गल्लीतला. त्यानं वहीत तुमचं नाव पाहून आईले सांगतलं, पोरगी आज दवाखान्यात येते म्हनून. आई म्हने, रविवारच्या आधी पाहून ये."

"पाहिलं ना? जा आता."

पण त्याचंच नाव पुकारलं गेलं. निमित्त म्हणून आणलेला तीळ दाखवायला तो आत गेला… आणि आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं.

"डॉक्टर म्हनते, तीळ बरोबर वाटत नाही. कडा वाकड्या हायत. आजच काढून तपासाले पाठवते." तो बाकावर टेकला. "तुमी घरी 'नाही' म्हनून सांगून द्या. पोराले काही तरी हाय म्हना. खरंच हाय."

हेही नाटक तर नाही?

"चप्पल काढा."

त्यानं लाजत पाय वर केला. टाचेजवळ शाई सांडल्यासारखा काळा डाग होता. आणि पाय थरथरत होता. थरथर कोणाला खोटी आणता येते?

हर्षा त्याच्या शेजारी बसली.

"रविवारी या."

"रिपोर्ट त्याच्यानंतर येते…"

"पोहे रिपोर्टले चारायचे हायत का? लंगडत या. आन काहून लंगडता, ते माझ्यासमोर आईले सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. मग अगदी हळू, "भेव वाटून राहिलं, हर्षा…"

नर्सनं दारातून डोकावलं. "यांच्यासोबत कोण आहे?"

हर्षा उठली. नर्सनं तिच्या मानेवरची पट्टी पाहिली, त्याचा पाय पाहिला, आणि डोळे बारीक केले. "तुम्ही यांच्या कोण?"

"ते रविवारी ठरते," हर्षा म्हणाली. "आज मी सोबत हावो."