अठरा किलो चारशे

वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. काटा खोटा की माणूस, हे मला दुकानाबाहेरूनच कळतं, असं कचेरीत गमतीनं म्हणायचे. त्यामुळे निघायच्या सकाळी माझ्या हातकाट्यावर आमची निळी बॅग अठरा किलो चारशे ग्रॅम भरली, म्हणजे ती तेवढीच होती. दोनदा मोजली. मग काटा खिशात टाकला.

युरोपची दहा दिवसांची सहल होती. बायकोनं अकरा वर्षांत एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. सासरे आमच्याकडेच असत, अंथरुणाला खिळलेले. अंगानं थोराड, खुर्चीत बसवायचं तर दोन माणसं लागत. त्यांच्यासाठी एक अनुभवी नर्सबाई ठेवल्या होत्या, जोडीला त्यांची बहीण. सगळं तीनतीनदा समजावून झालं, तरी बायकोचा पाय निघेना.

"बाबा, येते हं."

"मला नाही का नेणार?" सासऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गाडी कितीची आहे, असं विचारावं तसं विचारलं.

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणालो आणि बॅग उचलून जिना उतरलो.

विमानतळावरच्या काट्यावर आकडा आला बावीस किलो सहाशे.

"तुमचा काटा तपासून घ्या," मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात, काका," ती हसली. तेवीसच्या आत होतं, म्हणून बॅग गेली. मला मात्र चैन पडेना. पाचपन्नास ग्रॅम इकडेतिकडे, हे समजू शकतो. चार किलो दोनशे कुठून येणार?

विमान सूर्याच्या मागे मागे जात होतं. आठ तास झाले तरी ऊन हलेना. बायकोनं जेवणाच्या ट्रेवरचा कागदही काढला नाही. दर थोड्या वेळानं पट्टा सोडायची, उभी राहायची, परत बसायची.

"बाबांना भरवलं असेल ना?"

"असेल गं."

"मग मला असं का होतंय?"

पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं होतं, त्यामुळे मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यायची होती. फिरत्या पट्ट्यावरून ती ओढताना माझं मनगट लचकलं. बाकावर ठेवून उघडली. कपडे, औषधं, चपला. एक रुमालही जास्त नव्हता. बंद करून काट्याला लावली. एकतीस किलो.

बायको तोवर घरी फोन लावून बसली होती. नर्सबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आजोबा बरे आहेत, ताई. आज हलके लागले. बहिणीला हाकच मारली नाही, मी एकटीनंच खुर्चीत बसवलं. फक्त गारठलेत फार. एवढा उकाडा आहे, तरी दोन पांघरुणं घातली. आणि दिवे लावलेत, तरी सारखं म्हणतात, इथे अंधार आहे, काही दिसत नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे.

"योगायोग आहे," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, बॅग जरा हळू ठेवा."

दुसऱ्या काउंटरवर बॅगेला 'जड' अशी लाल चिठ्ठी लागली. मुक्कामाच्या गावी ती पट्ट्यावरून दोन हमालांनी मिळून उतरवली. टॅक्सीत ठेवली तेव्हा गाडी मागून खाली बसली. ड्रायव्हरनं आमच्याकडे वळून पाहिलं.

हॉटेलात पोचलो तेव्हाही समोरच्या छपरांवर ऊन होतं. खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक पलंग, एकच खिडकी. दोघांनी मिळून बॅग पलंगावर चढवली. गादी करकरली. बायकोनं लगेच फोन लावला.

"बाबांना द्या जरा."

"झोपलेत." नर्सबाई अगदी हळू बोलत होत्या. "ताई, घाबरू नका. मी पंखा बंद करून ठेवलाय."

"का?"

"वाऱ्यानं चादर हलते ना." त्या थांबल्या. "तेही हलतात. दोन्ही बाजूंना उशा लावल्यात."

बायकोनं फोन खाली ठेवला. मी बॅग उघडली. एकेक कपडा काढून खुर्चीवर टाकला. औषधं काढली, चपला काढल्या. तळाचं अस्तर चाचपलं.

रिकामी बॅग उचलली. ती इतकी सहज वर आली की माझा तोल गेला.

गादी वर आली नाही.

मधला खळगा तसाच होता. बॅगेच्या आकाराचा नव्हता. लांबट होता, आणि त्याच्या एका टोकाला उशी दबलेली होती.

काटा माझ्या हातात होता. तो कशाला लावू, ते सुचेना.

गादी पुन्हा करकरली. खळगा हळूहळू भरला आणि वीतभर पलीकडे, खिडकीच्या बाजूला, तसाच पडला. कुशीवर वळल्यासारखा.

मी मागे सरकलो. बायको सरकली नाही. पलंगाच्या कडेवर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झालेले दिसले.

समोरच्या छपरांवरचं ऊन आता उतरलं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी पडदा ओढायला गेलो.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "नव्या जागी त्यांना लवकर झोप लागत नाही. बाहेर बघत पडतील."