बंद ठेवलेला फर्स्ट क्लास

रादो, आधी ते बूट काढ. गाडीला अजून दीड तास आहे, आणि ड्युटीवाल्यांच्या या रनिंग रूममध्ये बर्फाचा चिखल झाला की बोलणी मलाच बसतात, रिटायर झालो तरी. मघाशी तू विचारलंस, गर्दी झाली तर फर्स्ट क्लास सगळ्यांना उघडायचा की नाही. एलिश्का म्हणते, नियमात बसत असेल तर उघड. नियम मला सांगू नका पोरांनो, ब्रातिस्लावाच्या या डेपोत एकतीस वर्षं ड्युटीचे तक्ते मीच केलेत. नियम एवढंच म्हणतो, की टीसीने परिस्थिती बघून ठरवावं. म्हणजे उद्या काही झालं तर टीसीच्या गळ्यात. इमरिख होल्कोचं काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेवीस डिसेंबर. इमरिखची सुट्टी होती. रात्री नऊच्या सुमारास तो माझ्या ऑफिसात आला तो नुसता डबा द्यायला. त्याची बायको दर ख्रिसमसला मध लावून खायच्या त्या पातळ पापड्या भाजते, त्यातल्या माझ्यासाठी पाठवल्या होत्या. ख्रिसमसच्या जेवणासाठी आणलेला मासा घरी टबात जिवंत पोहतोय, म्हणाला, नातवंडांनी त्याचं नाव ठेवलंय, आता उद्या तो मारायचा कुणी. आम्ही हसलो. पण माझं लक्ष हसण्यात नव्हतं. पावणेबाराच्या कोशित्सेच्या गाडीचा टीसी सहा वाजता तापाने आडवा झाला होता आणि तीन तास फोन करूनही मला माणूस मिळत नव्हता. आणि समोर हा उभा, धडधाकट. मी त्याला गळ घातली. तो नाही म्हणाला, मग घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाला, "युनिफॉर्म तरी आणू दे."

तर त्याला मी चढवलं. हे आधीच सांगून ठेवतो.

तेवीसची गाडी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सरकारी सवलतीत विद्यार्थी फुकट, म्हातारे फुकट, आणि सगळे सेकंड क्लासमध्ये. त्र्नावा सोडलं तेव्हा पॅसेजमध्ये माणसं बॅगांवर बसली होती, संडासाच्या दाराशी उभी होती. आणि इंजिनाला लागून फर्स्ट क्लासचा अख्खा डबा, नऊ कंपार्टमेंटं, रिकामा. इमरिखच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून डबा उघडला असता. इमरिखनेही उघडला असता. तेच तर त्याचं दुखणं होतं. दोनदा त्याने तो उघडला होता, आणि दोन्ही वेळा जादा पैसे भरून बसलेल्या कुणीतरी तक्रार ठोकली होती, फुकट्यांना आमच्यात आणून बसवलं म्हणून. वरून लेखी आलं होतं, तिसरी तक्रार आली की घरी बसा. पेन्शनला त्याचं दीड वर्ष उरलं होतं.

तरी तो उघडायलाच निघाला होता. हे त्याने मला शपथेवर सांगितलं. फर्स्ट क्लासच्या दाराशी एक पोरगी उभी होती, मिरिआम नावाची, नर्सिंगची विद्यार्थिनी, आठवा महिना. माहेरी कोशित्सेला चालली होती. पोटावर हात, पाठ भिंतीला. इमरिख तिला म्हणाला, दोन मिनिटं थांब बाई, आत नजर टाकून येतो, मग तुला नीट झोपायलाच जागा देतो. आजूबाजूच्यांनी बॅगा उचलूनसुद्धा घेतल्या.

आत गेला. एक कंपार्टमेंट रिकामं, दुसरं रिकामं. तिसऱ्यात खिडकीपाशी एक गृहस्थ बसलेले.

वय झालेलं. काळा ओव्हरकोट, मांडीवर हॅट. सामान नाही. मोठा दिवा बंद, डोक्यावरचा वाचायचा बारका दिवा तेवढा चालू, पण हातात वाचायला काही नाही. तिकीट आधीच काढून गुडघ्यावर ठेवलेलं. इमरिखने तिकिटाला तपासायचं मशीन लावलं, मशीन वाजलं. सगळं रीतसर. फक्त त्या कंपार्टमेंटमध्ये थंडी होती. हीटर हाताला गरम लागत होता आणि तरी थंडी होती.

इमरिखने अदबीने सांगितलं, बाहेर फार गर्दी आहे, एक गरोदर बाई आहे, तर डबा उघडतो, तुमच्या कंपार्टमेंटमध्ये कुणाला पाठवणार नाही.

त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काचेकडे बघत म्हणाले, "मी एकटं बसण्याचे पैसे दिलेत."

मग म्हणाले, "नाव काय तुमचं? मी लिहिणार आहे."

इमरिखने नाव सांगितलं. बाहेर आला. आणि पोरांनो, त्याने दार ओढून घेतलं आणि किल्ली लावली.

मी त्याला नावं ठेवत नाही. दीड वर्षासाठी माणूस काय काय गिळतो ते मी बघितलंय. पण त्या पोरीने किल्लीचा आवाज ऐकला. तिने काचेला कपाळ लावून आतला पॅसेज बघितला. म्हणाली, "काका, आत कोणी नाहीये."

"आहेत. तिसऱ्यात."

"तिसऱ्यात अंधार आहे काका."

त्याला वाटलं, पोरगी हुज्जत घालतेय. आपण दिवा चालू बघून आलो, आणि ही अंधार म्हणते. थकलेली माणसं वाट्टेल ते बोलतात. कुणीतरी मागून टोमणा मारला, की साहेबांची झोपायची सोय राखून ठेवली असेल. सेकंडमध्ये एका पोराने उठून तिला जागा द्यायचं कबूल केलं, पण तो तीन डबे मागे, आणि मधली माणसं जागची हलेनात. इमरिखने आपली ड्युटीची पेटी उपडी करून तिला बसायला दिली. एवढंच त्याच्याकडून झालं.

झिलिना गेलं. रुझोम्बेरोक गेलं. तीन वाजून दहा मिनिटं. रुळांच्या सांध्यांवर गाडीला हिसका बसला. रोज बसतो तेवढाच. पेटी सरकली... पोरगी पुढे गेली, त्या बंद दारावर. पोट दाराच्या मुठीवर.

  आणि... सगळे बाजूला झाले. इतका वेळ जागा नव्हती, आणि आता झाली.

पुढच्या स्टेशनात, मिकुलाशला, ॲम्ब्युलन्स उभी होती. स्ट्रेचरवर घेताना तिने इमरिखचा हात धरला. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "कुणासाठी राखून ठेवला होतात, काका?"

इमरिखकडे उत्तर होतं ना. तिसऱ्या कंपार्टमेंटमध्ये बसलं होतं. ॲम्ब्युलन्स गेली तसा तो धावत डब्यात शिरला. बोलायचंच, त्याने ठरवलं होतं. नोकरी गेली तर गेली. किल्ली लावली, दार उघडलं. एक. दोन. तीन.

दिवा बंद.

सीट सपाट. धुळीवर बोटाचा ठसा नाही. हीटर चालू होता... आणि आत उबदार होतं. छान उबदार.

तो नवव्यापर्यंत गेला. परत आला. पलीकडे इंजिन, तिकडचं दार बाहेरून बंद. मिकुलाशला फलाटावर स्टेशनमास्तर उभा होता, फर्स्ट क्लासमधून कोणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याचं मशीन तपासलं. त्या रात्रीची चारशेच्या वर तिकिटं. त्या डब्यातलं एकही नाही.

मिरिआम वाचली. बाळ नाही वाचलं.

चौकशी झाली. डबा उघडणं टीसीच्या मर्जीवर, त्यामुळे दोष कुणाचाच नाही, असा निकाल. इमरिखने मला सगळं सांगितलं ते त्यानंतर, याच खोलीत, तू बसलायस तिथे बसून. सांगताना मधेच थांबायचा आणि विचारायचा, "पण मशीन वाजलं होतं ना?" जणू मी तिथे होतो. नोकरी त्याने फेब्रुवारीत सोडली. पेन्शन कापून घेतली. आता भेटला तर बोलतो माशांवर, नातवंडांवर. गाडीने कुठे जात नाही.

थांब, रादो. दार नको उघडूस, वारा येतो.

एक गोष्ट मी इमरिखला सांगितलेली नाही. चार जानेवारीला सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, आणि टपालात एक पाकीट होतं. शाईच्या पेनाचं अक्षर, जुन्या वळणाचं, सुरेख. मी आयुष्यभर प्रवाशांच्या तक्रारी फोडल्यात, बोट लावताच कळतं आत शिव्या आहेत ते. ही तक्रार नव्हती. कौतुक होतं. चार ओळी. तेवीसच्या रात्रीच्या गाडीत टीसी श्री. इमरिख होल्को यांनी कितीही गळ घातली गेली तरी डबा बंद ठेवला आणि माझी शांतता राखली, असा माणूस हल्ली मिळत नाही, त्यांच्या वरिष्ठांनी याची नोंद घ्यावी. सही वाचता येत नव्हती.

मला संताप आला. आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. म्हणजे माणूस होता तर. कुठेतरी राहतो, पत्र टाकतो, त्याला शोधता येईल. पत्ता असेल म्हणून मी पाकीट उलटं केलं. पत्ता नव्हता. मग टपालाचा शिक्का कुठल्या गावचा ते बघायला दिव्याखाली धरलं. गाव पुसट होतं.

तारीख स्वच्छ होती. बावीस डिसेंबर.

बावीसला त्या गाडीवर इमरिखचं नाव नव्हतं. ते मी घातलं... तेवीसला. रात्री नऊनंतर.