सॉफ्टवेअरला आलेली दोन स्थळं

बीडहून तेलगावला निघालेल्या एसटीत खिडकीपाशी बसलेला तो माणूस फोनवर भांडत होता. आणि भांडण कशावरून, तर 'जावा' या संगणकभाषेच्या सर्व्हरवरून! "नको बाबा तो भारी सर्व्हर. चालू व्हायलाच अर्धा दिवस खातोय!"

शेजारी बसलेल्या मंजुषाला राहवलं नाही. "एवढा पण वेळ लागत नाही हं," ती म्हणाली.

त्याने फोन खाली केला, तिच्याकडे पाहिलं... आणि वडवणी येईपर्यंत वाद घालत पाहतच राहिला. उतरल्यावर कळलं, दोघांनाही एकाच दूध संघात जायचंय. संघाचं दूध-संकलनाचं नवं सॉफ्टवेअर तिने लिहिलेलं, आणि ते ज्या सर्व्हरवर चालणार तो सांभाळणारा हा आदिनाथ. घ्या!

आता सर्व्हर म्हणजे सॉफ्टवेअरचं घरच. ते घर निवडायला या दोघांना उन्हाळा पुरला नाही. एक सर्व्हर भारी, पुण्याच्या एका कंपनीकडून येणारा. व्यवहार सांभाळणं, निरोप रांगेने पोचवणं, सुरक्षा, सगळं आयतं. दुसरा हलका. त्यात लागेल ते आपण जोडायचं, आणि जोडलेलं बिघडलं की आपणच निस्तरायचं.

"जे लागतच न्हाई, त्याचं ओझं कावून वागवायचं मॅडम?" आदिनाथ म्हणायचा.

"आणि उद्या लागलं तर?"

"लागलं तर जोडू की. तुमी हायेत ना?"

हे 'तुमी हायेत ना' तो इतकं सहज म्हणायचा, की मंजुषा उत्तर द्यायचं सोडून उगाच कीबोर्ड पुसत बसायची. हळूहळू तिलाही हलकाच पटायला लागला. पण घरी गेल्यावर विचार पिच्छा सोडायचे नाहीत. हलका घ्यायचा, तर कोड ओळखणारं माणूस कायम इथंच हवं. आपण राहणार का? राहूही... पण कुणासाठी? आदिनाथवर आपलं प्रेम बसलंय, हे तिने स्वतःपाशी कबूल करून टाकलं होतं. त्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक! त्याला मंजुषा हवी होती, की कोड लिहिणारी बाई?

चेअरमन मुंजाजीरावांना हे सर्व्हरचं गुऱ्हाळ काही केल्या कळेना. एके दिवशी आदिनाथ सुट्टीवर असताना तिने त्यांना आपल्या पद्धतीने समजावलं. "असं समजा काका, दोन स्थळं आलीत. एक पुण्याचं. भारी घर, हाताखाली माणसं, पण वागायचं त्यांच्या रीतीने. दुसरं इथलंच, साधं. सगळं आपल्या हाताने उभं करायचं." चेअरमन एकदम खूश! पण ती हे सांगत असतानाच अकाउंटच्या वनमालाबाई सहीसाठी दारात आल्या होत्या, 'स्थळं... पुण्याचं... भारी घर' एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि त्या गालात हसत परत गेल्या.

मग निवडीची बैठक भरली. हलक्यासाठी एवढे दिवस घसा कोरडा करणारा आदिनाथ उठला आणि मान खाली घालून म्हणाला, "भारीच घ्या साहेब. कंपनीची माणसं बघतील. आपलं कुणी असो, नसो."

मंजुषाच्या मनात आलं, म्हणजे मी असले काय, नसले काय, याला सारखंच! चहासाठी बैठक थांबली तशी ती त्याच्यामागे व्हरांड्यात गेली. समोर दुधाचा टँकर धुणं चाललं होतं आणि पाण्याचे तुषार थेट तोंडावर येत होते.

"असे कसे पलटलात हो? मला शिकवून शिकवून हलक्याच्या बाजूला आणलंत, आणि ऐन वेळी...?"

"हलका घेतला तर तुमाला इथं अडकावं लागल." तो टँकरकडे बघत होता. "आन् तुमचं तर जमलंय."

"काय जमलंय?"

"पुण्याचं स्थळ... लई भारी घर हाय म्हणे. वनमालाबाई सांगत होत्या."

मंजुषाला असं हसू फुटलं, की टँकर धुणाराही वळून बघायला लागला.

"अहो शहाणे! तो सर्व्हर होता! चेअरमनकाकांना समजावत होते मी!"

आदिनाथचा चेहरा आधी उतरलेला, मग गोंधळलेला, मग कानापर्यंत लाल. "म्हंजी... लग्न न्हाई?"

"नाही."

"मग जातो आत. सांगतो, हलकाच घ्या."

"थांबा! काय कारण सांगाल?"

"सांभाळणारं माणूस इथंच राहणार हाय म्हणून..." तो अडखळला. "राहणार हाय ना?"

"हे संघाच्या वतीने विचारताय?"

"न्हाई."

"मग सर्व्हरचं नाव न काढता विचारा."

एरवी तासभर तोंड न मिटणारा गडी बाहीने तोंडावरचं पाणी पुसायला लागला! आत कपबशा गोळा केल्याचे आवाज येऊ लागले. आता हाक मारतील आणि राहूनच जाईल, या धास्तीने मंजुषा दाराची वाट अडवून उभी राहिली.

"मला तुमी लई आवडता, मंजुषा," तो शेवटी म्हणाला. "तुमी आला न्हाईत की हापिसात करमत न्हाई, घरी करमत न्हाई. ते सॉफ्टवेअर चालू दे न्हाईतर बंद पडू दे. माझ्याशी लग्न कराल?"

"करीन."

"परत म्हणा."

"करीन म्हटलं ना! चला आता आत, नाहीतर भारीवर सही करून मोकळे होतील ते!"